टायर बागेसाठी घ्यायचे की घाटासाठी?

प्रश्न : माझ्याकडे २०१३ची बोलेरो आहे, सेकंडहँड घेतलेली. फोर बाय फोर नाही, मागची दोन चाकं ओढतात. देवगड तालुक्यात सड्यावर आमची कलमांची बाग आहे. मुख्य रस्त्यापासून बागेपर्यंत तीन किलोमीटर कच्ची वाट आहे आणि शेवटी तांबड्या मातीचा एक चढ. पावसात गाडी तिथेच अडते, मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. पंधरवड्यातून एकदा तरी तळेरे, वैभववाडी, गगनबावडा करत कोल्हापूरला जावं लागतं. टायर गुळगुळीत झालेत आणि दोन टायरांतली हवा दर दोन-तीन दिवसांनी उतरते. पुतण्या म्हणतो, "काका, मड टायरच घ्या, आणि एक माप मोठे घ्या." आमचा पंक्चरवाला म्हणतो, "रिमोल्ड घाला, काय होवचा नाय," आणि हवा उतरते त्या टायरांत ट्यूब टाकायला सांगतो. माझ्याजवळ या कामासाठी तीस हजार आहेत, त्यापलीकडे नाहीत. मृगाच्या आधी काय करू?
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही चढाबद्दल कळकळीने लिहिलं आहे आणि कोल्हापूरचा उल्लेख जाता जाता केला आहे. मला मात्र निर्णय कोल्हापूरच्या वाटेवर होताना दिसतो. बागेच्या चढावर गाडी अडली तर चार माणसं बोलावता येतात, नाहीतर गाडी खाली ठेवून चालत जाता येतं. गगनबावड्याच्या घाटात, धुक्यात, ओल्या वळणावर पुढचा ट्रक अचानक थांबला आणि तुमची गाडी थांबली नाही, तर तिथे कुणाला बोलावून उपयोग नसतो. म्हणून टायर असा हवा, जो आधी ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर थांबेल आणि मग चिखलात चढेल. या क्रमाने विचार केला की पुतण्याचा मड टायर आणि पंक्चरवाल्याचा रिमोल्ड (म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवा थर चढवलेला टायर) हे दोन्ही आपोआप गळतात.

माझं मत आधीच सांगतो : कंपनीने दिलेल्या मूळ मापातला, सौम्य नक्षीचा, नुकता बनलेला एटी टायर घ्या. एटी म्हणजे ऑल टेरेन. दुकानात तुम्हाला तीन जाती दाखवतील. एचटी हा साधा हायवेचा टायर, बहुधा आत्ता तुमच्या गाडीला तोच आहे. एमटी म्हणजे मड टेरेन, मोठमोठ्या ठोकळ्यांचा. या दोघांच्या मधला तो एटी.

मड टायर का नको, ते नीट समजून घ्या, कारण पुतण्याला पटवायचं काम तुम्हालाच करायचं आहे. त्याच्या ठोकळ्यांमध्ये मोठी मोकळी जागा असते. चिखलात ही जागा चिखल धरते आणि चाक फिरलं की फेकून देते, म्हणून तिथे त्याला तोड नाही. पण ओल्या पक्क्या रस्त्यावर त्याच मोकळ्या जागेमुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी पडतं. शिवाय ओल्या रस्त्यावरची पाण्याची पातळ साय फोडायला टायरच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा लागतात, त्या मड टायरवर फार थोड्या असतात. परिणामी ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. तो वजनाने जड, डिझेल जास्त खाणारा, डांबरावर लवकर झिजणारा आणि किमतीला एटीपेक्षा बराच महाग. जो वर्षभर चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, खाणीत किंवा रानातच गाडी चालवतो, त्याने तो जरूर घ्यावा. तुमची बाग जाऊन-येऊन सहा किलोमीटर, आणि कोल्हापूरची एक फेरी दोनशेच्या वर.

एटीमध्येही कमी-जास्त असतं. काही टायर जवळजवळ मड टायरसारखे उग्र असतात, काही हायवे टायरच्या जवळचे. दुकानात टायर उभा करून घ्या आणि त्यावर तळहात ठेवा. मधल्या पट्ट्यातले ठोकळे एकमेकांना जवळजवळ लागून असावेत आणि प्रत्येक ठोकळ्यावर बारीक, वेड्यावाकड्या चिरा असाव्यात, नख घातलं तर अडकेल अशा. मग हात कडेला, म्हणजे टायरच्या खांद्यावर न्या. तिथे मात्र ठोकळ्यांमध्ये बोट सहज शिरेल एवढी फट हवी आणि ती बाहेरच्या बाजूला मोकळी सुटलेली हवी. मधला भाग घाटात थांबवतो, खांदे तुमच्या चढावर चिखल बाहेर टाकतात. आपल्याकडच्या वापराला असा टायर बसतो. अपोलोचा अॅप्टेरा एटी २, योकोहामाचा जिओलँडर एटी, सिएटचा झार एटी, जेकेचा रेंजर एटी, ही नावं घेऊन विचारा. यातल्या कुठल्या एकासाठी हट्ट धरू नका. तुमच्या मापात त्या दिवशी जो सगळ्यात ताजा असेल आणि तीस हजारांत बसेल, तो चांगला.

ताजेपणावर मी इतका जोर देतो त्याला कारण आहे. तुमची गाडी वर्षाला साधारण दहा हजार किलोमीटर चालत असेल, असा मी पत्रावरून अंदाज केला. चांगला एटी टायर नीट हवा ठेवली तर चाळीस हजारांच्या आसपास जातो. म्हणजे तुमच्या बाबतीत नक्षी संपेल त्याच सुमाराला रबरही म्हातारं होणार. आपल्या किनाऱ्यावरचं ऊन रबराला लवकर कडक करतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, नक्षी कितीही शिल्लक दिसो. दुकानात दोन वर्षं पडून असलेला टायर स्वस्तात मिळाला, तरी तुमच्या हक्काची दोन वर्षं आधीच गेलेली असतात. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे वाचा. ०८२६ असेल तर २०२६च्या आठव्या आठवड्यात बनलेला. पुष्कळदा हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि फिटिंग करताना ती बाजू आत जाते. म्हणून रिमवर चढवण्याआधी चारही टायर स्वतः पालथे करून बघा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम, वर्षापलीकडचा असेल तर दुसरा मागा.

आता माप. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात माप लिहिलेलं असतं. बोलेरोला बहुतेक २१५/७५ आर १५ असतं. पुतण्या ज्याला एक माप मोठं म्हणतो तो बहुधा २३५/७५ आर १५. हिशेब करून बघितला तर मूळ टायरची उंची साधारण ७०४ मिलिमीटर येते आणि मोठ्याची ७३४. तीस मिलिमीटरचा फरक, त्यातला निम्माच गाडीच्या पोटाखाली मिळतो, म्हणजे दीड सेंटिमीटर. या दीड सेंटिमीटरसाठी काय काय द्यावं लागतं बघा. चाक चार टक्क्यांहून जास्त मोठं झालं की गाडीची ओढ तेवढीच कमी होते. तुमचं इंजिन साठ-पासष्ट अश्वशक्तीचं, ते घाटात पहिल्यापेक्षा लवकर गिअर खाली मागणार आणि चढावर क्लच जास्त जळणार. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टने चालत असेल. पूर्ण वळवल्यावर चाक आत कुठेतरी घासायची शक्यता, ती वेगळीच. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करू देत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात वादाला कारण कशाला द्यायचं?

मापाच्या शेजारी आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ १०० एस. हा शंभर म्हणजे एका टायरवर ८०० किलोपर्यंत भार चालतो. ९७ असेल तर ७३० किलो. हंगामात तुम्ही मागे पेट्या भरून गाडी काढत असणार. म्हणून जुन्या टायरवर किंवा पुस्तकात जो आकडा आहे, त्याच्या खालचा टायर घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. टायरवर आयएसआयचं चिन्हही बघा.

रिमोल्डबद्दल मला जरा कडक लिहायचं आहे. ट्रकवाले रिमोल्ड वापरतात हे खरं, पण ट्रकच्या टायरचा सांगाडा त्यासाठीच जाड केलेला असतो आणि चांगला मालक तो टायर पहिल्या दिवसापासून ओळखत असतो. तुमच्या बोलेरोला जो रिमोल्ड देतील, त्याचा सांगाडा कुणाच्या गाडीवर किती तापला, कितीदा हवा कमी असताना चालला, हे कुणालाच माहीत नसतं. आपल्याकडे त्यात पावसाची भर पडते. जुन्या खिळ्याच्या भोकातून पाणी आत शिरतं, रबराखालच्या पोलादी तारा गंजतात आणि वरचा थर धरून ठेवणारी पकड सैल होते. वरून टायर नवा दिसतो. मग मे महिन्याच्या उन्हात, भरलेल्या गाडीला, घाट उतरताना तो थर एकदम सुटतो. कृपा करून हे टायर बागेपुरतेही घेऊ नका, कारण बागेपुरते घेतलेले टायर लग्नकार्याला कोल्हापूरला जातातच.

आणि ट्यूबही टाकू नका. ट्यूबलेस टायरचं आतलं अंग ट्यूब बसवण्यासाठी बनवलेलं नसतं. ट्यूब तिथे घासते, तापते, आणि खिळा लागला की फुग्यासारखी एकदम बसते. ट्यूबलेसमध्ये खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते आणि तुम्हाला गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो.

तुमची हवा दर दोन-तीन दिवसांनी उतरते, त्याचं कारण बहुधा टायरमध्ये नाहीच, ते रिममध्ये आहे. समुद्राकाठच्या जुन्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. खाऱ्या हवेने लोखंडी रिमची कड, जिथे टायर घट्ट बसतो तीच जागा, गंजते. गंजाचे पापुद्रे सुटतात आणि हवा तिथून झिरपते. घरीच बघता येईल. चाक काढून आडवं ठेवा, साबणाचं पाणी रिम आणि टायर जिथे भेटतात त्या कडेने ओता आणि दोन मिनिटं थांबा. बारीक फेस सारखा येत राहिला तर कड गंजलेली आहे. वॉल्व्हच्या बुडाशी फेस आला तर वॉल्व्हचं रबर गेलं आहे. नवे टायर याच रिमवर चढवलेत तर पुन्हा दोन-तीन दिवसांनी हवा भरत बसाल, आणि कमी हवेवर चाललेला नवा टायर कडेने खाल्ला जाईल. म्हणून जुने टायर उतरवल्यावर रिमची कड तारेच्या ब्रशने लखलखीत घासून घ्या, प्रायमर मारा, रंग द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि प्रत्येक रिमला नवा वॉल्व्ह घाला. खर्च फार नाही. एखादी रिम खड्डे पडण्याइतकी गंजली असेल तर भंगारवाल्याकडे त्याच मापाची चांगली रिम मिळते.

जुने टायर देऊन टाकण्याआधी ते वाचा. पुढच्या टायरची एकच कड, आतली किंवा बाहेरची, जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट गेलं आहे, किंवा पुढच्या चाकांचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट आणि टायरॉड एंड, सैल झाले आहेत. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी असायची, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त असायची. आणि टायरवर हात फिरवताना उंचवटे-खळगे लागत असतील तर शॉकअप संपले आहेत. तेरा वर्षांच्या गाडीत यातलं काहीतरी निघणारच. पुढचे सैल भाग तसेच ठेवून नवे टायर घातले तर वर्षभरात नक्षीची एक बाजू गेलेली दिसेल. तुमच्या तीस हजारांतले निदान तीन-चार हजार या कामासाठी बाजूला ठेवा असं मी म्हणेन, भले टायर एक पायरी स्वस्तातला घ्यावा लागो.

पैशांचा मेळ असा घाला. पाच टायर घेऊ नका, चार घ्या, आणि जुन्यातला सगळ्यात बरा टायर स्टेपनीला ठेवा, त्यावर कायद्याला लागते तेवढी नक्षी शिल्लक असेल तर. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊन चालत नाही. टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आपल्या पावसात मी तीन मिलिमीटरलाच बदला म्हणतो. चार टायरही बसत नसतील आणि जुन्यातले दोन खरंच बरे असतील, तर दोनच एटी घ्या आणि मागे घाला. मागचीच चाकं ओढतात म्हणून चढाला उपयोग होईल आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट सुटणार नाही. एका आसावर मात्र दोन्ही टायर सारखेच हवेत. हा दोन-दोनचा उपाय फोर बाय फोर गाडीला सांगू नका, तिथे चारही चाकं सारखी लागतात.

खरेदी कोल्हापुरात करा, तुम्ही तिथे जाताच, आणि तिथे मालाची उलाढाल जास्त असल्याने ताजा टायर मिळायची शक्यताही जास्त. निघण्याआधी फोन करून दोन-तीन दुकानांचे भाव घ्या. भाव विचारताना फिटिंग, बॅलन्सिंग, वॉल्व्ह, अलाइनमेंट धरून किती आणि जुन्या टायरचे किती वजा, असं एकाच आकड्यात विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर १८ टक्केच आहे ना ते बघा. पक्कं बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटीचा उपयोग नाही. परदेशी बनावटीच्या महागड्या एटीच्या नादाला लागायचं कारण नाही. तुमच्या गाडीच्या नोंदणीला २०२८ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा तपासणी करून नूतनीकरण करावं लागेल. गाडी पुढे ठेवायची की नाही हे त्या वेळी ठरेल.

राहिला तो चढ. सर्वात चांगला टायर घातला तरी आषाढात त्या तांबड्या मातीवर मागची दोन चाकं कधी ना कधी फिरणारच. म्हणून टायरच्या बरोबरीने वाटेकडे बघा. चढाच्या वरच्या अंगाला आडवा चर खणून पाणी बाजूला काढा, म्हणजे ते चाकोरीतून वाहणार नाही. आणि चढाच्या दोन चाकोऱ्यांमध्येच, फक्त चाकाच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात, खडी आणि चिऱ्याचे फुटके तुकडे ठोकून बसवा. गुळगुळीत अखंड चिरा लावू नका, त्यावर शेवाळ धरतं. सगळी वाट करायची नाही, गाडी जिथे अडते तेवढाच तुकडा. बागेतल्या माणसांचं दोन दिवसांचं काम आहे, मिरगाचा पाऊस लागण्याआधी करून घ्या. मला विचाराल तर या एका कामाने जेवढा फरक पडेल, तेवढा एटी आणि मड टायरमधल्या फरकाने पडणार नाही.

चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारखा अॅक्सिलरेटर ठेवून जा. चाक फिरायला लागलं की पाय काढा. जोर लावाल तेवढा खड्डा खोल होतो. गाडी रिकामी असेल तर मागे दोन-तीन पोती ठेवा, बोलेरोचं रिकामं मागचं अंग हलकं असतं. फारच निसरडं असेल तर मागच्या टायरांची हवा २२पर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि पकड वाढते. पण जांभ्याच्या धारदार कडांवर अशा टायरची बाजू कापली जाते, तेव्हा हळू जा, आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरा. त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा. कमी हवेवर घाट चढू-उतरू नका.

एटी टायर आले म्हणून पुतण्या गाडी कुणकेश्वरच्या पुळणीवर उतरवायला निघाला तर त्याला अडवा. मऊ वाळूत दोनच चाकं ओढणारी गाडी टायर कुठलाही असो रुतते, भरती कुणासाठी थांबत नाही, आणि खाऱ्या पाण्याने रिमवर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात मेकॅनिककडून पुढचे जॉइंट, बेअरिंग, शॉकअप तपासून घ्या आणि चढाचं काम सुरू करा. रिम घासून-रंगवून घ्यायला स्टेपनी वापरून एकेक चाक उतरवता येईल, म्हणजे गाडी अडून राहणार नाही. मग कोल्हापूरच्या फेरीत टायर चढवा, चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि शेवटी अलाइनमेंट. नव्या टायरवर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, पकड पूर्ण येत नाही. म्हणून परतताना गगनबावड्याचा घाट दिवसाउजेडी आणि सावकाश उतरा. देवगडला पोचलात की चाकांचे नट पान्याने एकदा आवळून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पाचही चाकांची हवा मोजा.